हरकत असेल तर सांगा: सातबारा संगणकावर जाण्याची गोष्ट

आजच्या भागात लढाई नाही, तह नाही आणि किल्लाही नाही. आज एका कागदाचा इतिहास सांगणार आहे. तो कागद तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे, पत्र्याच्या पेटीत किंवा आता फोनमध्ये पीडीएफ म्हणून. सातबारा.

विषय कसा निघाला ते सांगतो. मी मूळचा पारनेर तालुक्यातला, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझं रोजचं काम पैशांच्या व्यवहारांच्या नोंदींचं. कोणाच्या खात्यातून किती गेले, कोणाच्या खात्यात किती आले, आणि दोन्ही बाजूंचा मेळ बसतो का. त्यामुळे गावाकडची मंडळी हमखास विचारतात, "अरे, बँकेचं सगळं एका क्लिकवर होतं, मग जमिनीचं का नाही? सगळ्या देशाचं एकच ॲप करून टाका ना. गट नंबर टाकला की मालक कोण, हद्द कुठे, बोजा किती, सगळं समोर."

प्रश्न अगदी रास्त आहे. पण उत्तर द्यायला चारशे वर्षं मागे जावं लागतं. आणि मागे गेल्यावर लक्षात येतं की यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग डेटाबेस नाहीच. तो भाग म्हणजे चावडीवर लागणारी एक नोटीस आणि त्यानंतरचे पंधरा दिवस.

मोजलं ते कशासाठी?

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरू करू. तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, १४ तालुके. निजामशाहीचं राज्य इथलं. १६०० मध्ये नगर शहर मुघलांच्या हाती गेलं, पण पुढची पंचवीस वर्षं मलिक अंबरने ती निजामशाही तगवून धरली. तो १६२६ मध्ये वारला. गनिमी काव्यासाठी आपण त्याला ओळखतो. पण दख्खनच्या गावागावांत त्याचं नाव राहिलं ते महसुलाच्या पद्धतीमुळे. वसुलीचा मक्ता देऊन मोकळं होण्याऐवजी जमिनीची पाहणी करायची, तिची प्रत ठरवायची, पीक बघायचं आणि त्यावर सारा बसवायचा. पुढे शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी मोजणी केली, त्यात पाच हात पाच मुठींची काठी होती.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मलिक अंबर असो, अण्णाजी दत्तो असोत की नंतरचे इंग्रज, प्रत्येकाने जमीन मोजली ती सारा ठरवण्यासाठी. "ही जमीन कोणाची?" हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. त्यांचा प्रश्न होता, "हिचा सारा कोण भरणार?" सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचं तर ही सिस्टीम करवसुलीसाठी बनली आणि आपण नंतर तिच्याकडून मालकीचं उत्तर मागायला लागलो. आजच्या निम्म्या अडचणी इथूनच येतात.

इंग्रजांचा पहिला प्रयत्न फसला. १८३० च्या आसपास पुणे कलेक्टोरेटमध्ये प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा घाट घातला. हिशोब इतका किचकट होता की पद्धतच कोलमडली. मग १८३६ मध्ये इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सोपी रीत बसवली. शेत मोजायचं, त्याला सर्व्हे नंबर द्यायचा, मातीची प्रत आण्यांत ठरवायची आणि सारा तीस वर्षांसाठी कायम करायचा. १८४७ मध्ये या पद्धतीचे नियम एका संयुक्त अहवालात एकत्र आले आणि तीच मुंबई इलाख्याची पद्धत झाली.

मोजायला साखळी होती ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आज आपण प्लॉटच्या जाहिरातीत "गुंठा" म्हणतो, तो या साखळीचा चौकोन. साखळीचेही सोळा भाग होते आणि त्यांनाही आणेच म्हणत. म्हणजे साखळीचा एक आणा साधारण दोन फुटांचा. हे दोन फूट लक्षात ठेवा, पुढे नकाशाच्या भागात ते परत येणार आहेत.

१८७५: कागद जाळणारी गावं

आता पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि नगर तालुक्यांकडे या.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला होता, तो युद्ध संपल्यावर पडला. त्याच सुमारास तीस वर्षं पूर्ण झालेल्या भागांत साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे लोक उठले आणि तिथून हे लोण आपल्या जिल्ह्यात आलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

या दंग्यांत माणसांवर हल्ले तुलनेने कमी झाले. लोकांना हवे होते कागद. कर्जखतं, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे. सावकाराने कागद दिले की बहुतेक ठिकाणी जमाव परत जायचा. कागद दिले नाहीत तर घराला, गंजीला आग.

का? कारण तो कागद शेतकऱ्याला वाचताच येत नव्हता. त्यावर काय लिहिलंय हे लिहिणाऱ्याला माहीत आणि अंगठा मारणाऱ्याला माहीत नाही. नोंद एकाच बाजूच्या हातात होती आणि कोर्ट मात्र ती नोंद खरी धरत होतं. माझ्या मते आपल्या भागातल्या जमीन नोंदींच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा धडा आहे. ज्या नोंदीवर समोरच्याला हरकत घेता येत नाही, ती नोंद कधीतरी पेटते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. तो आधी चार जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सातारा, सोलापूर आणि आपलं नगर. त्यात एक महत्त्वाची तरतूद होती. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे. म्हणजे कागद तयार होताना तिसऱ्या माणसाची हजेरी सक्तीची.

१९०३: खरं डिझाइन इथे आहे

तोपर्यंत सरकारी दप्तरात फक्त सारा भरणारा खातेदार दिसायचा. वाटेकरी, कूळ, गहाण घेणारा यांपैकी कोणीच नाही. १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल संहितेत सामील झाला. आजचा आपला कायदा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. पण सांगाडा तोच.

या सांगाड्याकडे इंजिनीअर म्हणून बघितलं तेव्हा मी खरंच चाट पडलो. तीन नोंदवह्या बघा.

गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीत काहीही बदल झाला, खरेदी, वारस, वाटणी, बोजा, की इथे पुढचा क्रमांक टाकून नोंद करायची. आधीची नोंद खोडायची नाही, फक्त पुढे लिहीत जायचं. गिट वापरणाऱ्यांना हे लगेच कळेल. ही कमिटची यादी आहे.

गाव नमुना सात. सगळे फेरफार लागू केल्यावर आज काय स्थिती आहे, ती इथे दिसते. जुन्या मालकाचं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहितात. "अमक्याच्या नावाला कंस झाला" असं आपल्याकडे म्हणतात ते यावरून. गाव नमुना बारा म्हणजे पीक पाहणी. सात आणि बारा एका पानावर आले की झाला सातबारा.

आणि गाव नमुना सहा-अ, म्हणजे वादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. माझ्यासाठी सगळ्यात भारी गोष्ट हीच. तलाठ्याने फेरफार लिहिला म्हणजे तो लगेच खरा होत नाही. त्याची प्रत चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची आणि पंधरा दिवस थांबायचं. हरकत आली तर ती सहा-अ मध्ये जाते आणि सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच सातबाऱ्यावर अंमल.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या या सिस्टीममध्ये नोंद करणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा, आणि मधे अख्खं गाव तपासणीला बसलेलं. कायदा तरीही सावधपणे एवढंच म्हणतो की प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. सातबारा मालकीचा अंतिम पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हे पुन्हा पुन्हा सांगितलंय.

हे पंधरा दिवस किती मोलाचे असतात ते घरचंच उदाहरण देऊन सांगतो. आजोबा गेल्यावर वारस नोंद लागली. त्यात आजी, बाबा, काका आणि थोरली आत्या होती. धाकट्या आत्याचं नाव नव्हतं. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, कागद गोळा करताना सुटलं. आत्या कल्याणला, बाबा पुण्यात. गावातल्या एका चुलत आजोबांनी चावडीवरची नोटीस सहज उभ्या उभ्या वाचली आणि बाबांना फोन केला, "अरे, धाकटीचं नाव दिसत नाही यात." मुदतीत अर्ज गेला आणि नाव लागलं. पंधरा दिवस उलटले असते तर अपील, तारखा, प्रतिज्ञापत्रं. त्या वेळी सिस्टीम वाचली ती त्या आजोबांच्या डोळ्यांमुळे.

मग घोळ कुठे झाले?

कागदावरच बरेच झाले होते. संगणकाने ते फक्त उजेडात आणले.

पहिला घोळ हिश्शांचा. जुन्या सातबाऱ्यावर वाटा आण्यांत लिहिलेला असायचा. अख्खं शेत सोळा आणे. तीन भाऊ असले तर प्रत्येकी पाच आणे चार पै, मेळ बरोबर बसतो, कारण एका आण्याच्या बारा पै. पण त्यातल्या एकाला पाच वारस झाले की चौसष्ट पैंचे पाच भाग करायचे. येतात बारा पूर्णांक आठ दशांश. मग कोणी बारा लिही, कोणी तेरा लिही. दोन पिढ्यांनी बेरीज सोळा आणे येतच नाही. शिवाय एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर झालं. समजा गटाचं क्षेत्र ४ हेक्टर ५ आर आहे आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज येते ४ हेक्टर २५ आर. कागद हे निमूटपणे सहन करतो. डेटाबेस करत नाही.

दुसरा घोळ गटाचा. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. विखुरलेले तुकडे एकत्र करायचे आणि सर्व्हे नंबरच्या जागी गट नंबर द्यायचे. कल्पना चांगली होती. पण कागदावर अदलाबदल झाली आणि कित्येक ठिकाणी जमिनीवरचा ताबा जिथल्या तिथे राहिला. आजही गावोगाव "गट याच्या नावावर, वहिवाट त्याची" अशी भांडणं त्यातूनच आलेली असतात.

तिसरा घोळ पुनर्लेखनाचा. हाताने लिहिलेला सातबारा साधारण दहा वर्षांनी नव्याने उतरवायचे. उतरवताना कंसातली जुनी नावं गळायची आणि कधी चालू नावही गळायचं. अशा वेळी जुना फेरफारच कामी येतो. याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे: श्रीरामपूर भागातले खंडकरी शेतकरी. प्रवरेचे कालवे झाल्यावर इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी खासगी साखर कंपन्यांनी खंडाने घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यात त्या सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे सोपवल्या गेल्या. मूळ मालकांच्या दोन-तीन पिढ्या लढल्या. प्रत्यक्ष जमीनवाटप सुरू व्हायला २०१२ उजाडलं. तेव्हा "आमच्या आजोबांची जमीन कोणती" हे कशावरून ठरवायचं? आजच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. जुने उतारे, जुने फेरफार, जुने सर्व्हे नंबर, एवढाच आधार. नुसती चालू स्थिती ठेवून इतिहास फेकून देणारी सिस्टीम असती तर या लोकांच्या हातात काय राहिलं असतं?

संगणक आला

१९८८-८९ मध्ये केंद्राने देशातल्या आठ जिल्ह्यांत भूमी अभिलेख संगणकीकरणाचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा होता. नंतर ही योजना सगळीकडे पसरली. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला, पुढे त्यालाच डिजिटल इंडियाचं नाव जोडलं गेलं.

सुरुवातीचं संगणकीकरण म्हणजे खरं तर टायपिंग होतं. हस्तलिखित सातबारा बघायचा आणि टाइप करायचा. त्यात आधीच्या चुका तर आल्याच, वर टायपिंगच्या नव्या चुकाही आल्या. नोंदणी खात्याकडे याच काळात "सरिता" नावाची स्वतंत्र प्रणाली आली, पुण्याच्या सीडॅकच्या मदतीने. पण खरेदीखत नोंदवणाऱ्या कार्यालयाचा संगणक आणि सातबाऱ्याचा संगणक एकमेकांशी बोलत नव्हते. तुम्ही दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा आणि मग त्याची प्रत घेऊन तलाठ्याकडे जायचं. मधल्या काळात त्याच सातबाऱ्यावर तीच जमीन दुसऱ्याला विकली जाऊ शकत होती. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी, याची हमी तो देत नाही. ई-फेरफार आल्यावर हे दोन धागे जोडले गेले. दस्त नोंदवला की त्याची माहिती थेट फेरफारासाठी पुढे जाते.

आता २०१७ चा उन्हाळा. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात शहाणा निर्णय तेव्हा झाला. राज्यातले सातबारे अडीच कोटींच्या आसपास. एवढे हस्तलिखित कागद आणि संगणकातले कागद जुळवायचे कसे? सरकारने चावडी वाचनाची मोहीम घेतली. संगणकातले सातबारे छापायचे, गावात मांडायचे, वाचून दाखवायचे आणि लोकांकडून आक्षेप घ्यायचे. मग रीएडिट नावाच्या मॉड्यूलमधून दुरुस्ती. म्हणजे १९०३ ची कल्पना परत वापरली. त्यानंतर १ मे २०१८ ला डिजिटल सही असलेला सातबारा सुरू झाला, तो आज आपण पंधरा रुपयांत घरबसल्या काढतो. मोहिमेनंतरही विसंगती उरल्या, त्यांच्यासाठी कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्ती चालूच आहे. पण क्रम बघा. आधी गावाने वाचलं, मग सही झाली. हा क्रम उलटा झाला असता तर आपण चुकांवरच डिजिटल शिक्के मारून बसलो असतो.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून गाव नमुना बाराचंही रूप बदललं. ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो. हे सुरू झालं तेव्हा महसूलमंत्री होते संगमनेरचे बाळासाहेब थोरात, त्यांच्यानंतर आले लोणीचे राधाकृष्ण विखे पाटील. लागोपाठ दोन्ही महसूलमंत्री आपल्याच जिल्ह्यातले. तरी आपल्याकडचे बांधाचे वाद काही मिटले नाहीत. त्याचं कारण पुढच्या भागात आहे.

नकाशा नावाचा तिसरा डेटाबेस

सातबारा महसूल खात्याचा, दस्त नोंदणी खात्याचा आणि नकाशा भूमी अभिलेख खात्याचा. सातबाऱ्यावर क्षेत्र आकड्यात असतं, आकार नकाशात. सातबाऱ्यावर जमिनीचे चार हिस्से झाले तरी मोजणी करून नकाशात चार पोटहिस्से पाडले जातातच असं नाही. त्यामुळे कागदावर तुम्ही ४० आरचे मालक असता, पण ते ४० आर नेमके कुठून कुठपर्यंत, हे कोणत्याच सरकारी नकाशात नसतं. ते असतं फक्त बांधावर. आणि बांध कोरला जातो.

आता ते दोन फूट आठवा. जुन्या टिपणांत मापं साखळी आणि आण्यांत. आज मोजणी होते ईटीएस यंत्राने किंवा उपग्रहाचे सिग्नल घेणाऱ्या रोव्हरने, काही सेंटिमीटरपर्यंत अचूक. लोकांना वाटतं नवं यंत्र आलं की वाद मिटला. पण मूळ हद्दच दोन फुटांच्या मापाने लिहिलेली असेल, तर रोव्हर ती हद्द सेंटिमीटरमध्ये कशी सांगणार? यंत्र बांधाची आजची जागा अचूक सांगतं. तो बांध तिथेच असायला हवा होता का, हे त्याला माहीत नाही. ते ठरवायला जुनं टिपण, हद्दीचे दगड आणि दोन्ही शेजारी लागतात.

गावठाणाची तर वेगळीच तऱ्हा. तिथे सारा नव्हता म्हणून इंग्रजांनी घरं एकेक मोजलीच नाहीत, त्यामुळे गावठाणातल्या घराला सातबाराही नाही. २०१८ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. त्यातही ड्रोन उडवण्याआधी गावकरी आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारतात. ड्रोन फोटो काढतो, पण हद्द कुठली हे शेजाऱ्यांनीच ठरवायचं असतं.

देशाचं एकच ॲप का नाही?

राज्यघटनेत जमीन हा राज्यांचा विषय आहे. आपला सातबारा, कर्नाटकात आरटीसी, तेलंगणात पहाणी, तमिळनाडूत पट्टा. नुसती नावं वेगळी नाहीत, प्रत्येकामागचा कायदा वेगळा आहे. म्हणून केंद्राने मधला रस्ता काढला. नोंदी राज्यांच्याच, पण प्रत्येक भूखंडाला चौदा अंकाक्षरी ओळख क्रमांक, भू-आधार, तोही जागेच्या अक्षांश-रेखांशावरून. हे डिझाइन मला पटतं. नावावर विसंबून चालत नाही. एकट्या नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी, पिंपळगाव उज्जैनी, पिंपळगाव वाघा, पिंपळगाव लांडगा आणि पिंपळगाव कौडा आहेत. अख्ख्या जिल्ह्याचंच नाव २०२४ मध्ये बदललं. जागा मात्र हलत नाही.

दुसरा प्रश्न हमीचा. ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्सने पद्धत आणली की सरकारी नोंदवहीत नाव म्हणजेच मालकी आणि तिची हमी सरकारची. आपल्याकडे पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ द. चं. वाधवा यांनी १९८९ मध्येच नियोजन आयोगासाठी अशा हमीच्या मालकीची मांडणी केली होती. पण हमी द्यायची तर आधी नोंद खरी हवी. रवांडाने २००९ ते २०१३ या काळात साधारण एक कोटी भूखंड नोंदवले. हवाई छायाचित्र छापून घेतलं, शेजाऱ्यांना बांधावर उभं केलं, सगळ्यांसमोर रेघ मारली आणि हरकतींना वेळ दिला. चावडी वाचनच की हे!

मला बनवायला सांगितलं तर

मी चार गोष्टींवर अडून बसेन.

एक, इतिहास कधीही पुसायचा नाही. चालू सातबारा पाच सेकंदांत मिळू दे, पण त्यामागचा प्रत्येक फेरफार, स्कॅन केलेल्या जुन्या पानासकट, तिथेच उघडला पाहिजे.

दोन, चुकीची बेरीज लपवायची नाही. मेळ बसत नसेल तर ते सातबाऱ्यावरच स्पष्ट दिसू दे. आकडे गुपचूप ओढूनताणून जुळवले की कोणाचा तरी अर्धा गुंठा जातो.

तीन, नकाशात वाटणी दाखवल्याशिवाय सातबाऱ्यावर वाटणीचा अंमल नाही. वेळ लागेल, मोजणीला माणसं लागतील. पण नवे घोळ तरी थांबतील.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: हरकतीचे पंधरा दिवस खऱ्या माणसांपर्यंत पोचले पाहिजेत. आज "आपली चावडी" या संकेतस्थळावर प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात. सोय चांगली आहे, पण तिथे स्वतःहून जाऊन बघावं लागतं. जुनी चावडी रस्त्यात होती, येता-जाता वाचली जायची. आता निम्मं गाव पुण्यात, मुंबईत, सुरतेत. लग्न होऊन गेलेल्या मुली आणखी लांब. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. पण ज्या नोटिशीवर त्यांचं नाव सुटलंय ती नोटीस त्यांना कोण वाचून दाखवणार? १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजनेने नवऱ्याच्या नुसत्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली, तेव्हा प्रश्न नाव लावण्याचा होता. आता प्रश्न ते नाव गळलं तर तिला कळण्याचा आहे. एका गटाशी संबंधित प्रत्येक वारसाला तिच्या फोनवर, तिच्या भाषेत, वाचता येत नसेल तर आवाजात नोटीस जायला हवी. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. आपलं बँक खातं दहा रुपये गेले तरी मेसेज करतं.

फेरफार वेगात व्हावा ही सगळ्यांचीच इच्छा आहे, माझीही. टायपिंगचा वेळ कमी करा, हेलपाटे कमी करा, सहीची वाट बघणं कमी करा. ते पंधरा दिवस मात्र कमी करू नका. एका बाजूनेच लिहिलेल्या कागदांचं काय होतं, ते पारनेर-श्रीगोंद्याने १८७५ मध्ये बघितलंय.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. आपल्या गटाचा सातबारा काढा. नावं वाचा, कंसातलीही. क्षेत्राची बेरीज करा. सगळ्यात शेवटचा फेरफार क्रमांक कोणता आहे आणि तो कशाचा आहे ते बघा. काही वेगळं दिसलं तर गावच्या तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि घरातल्या आत्यांना, बहिणींनाही तो सातबारा पाठवा.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.